वाहतुकीचे खाते कोणाला जबाबदार? जयपूरचा धडा

देशाच्या वाहतुकीसाठी एकच खाते असावे की आजच्यासारखी पाच-सहा वेगवेगळी खाती असावीत, हा प्रश्न दिल्लीत दर दहा-पंधरा वर्षांनी निघतो आणि दर वेळी फायलीत बांधून ठेवला जातो. रेल्वे आणि टपाल कामगारांच्या सभांमध्ये मात्र या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते. खाते कोणाचेही असो, आपली ड्यूटी तीच आणि पगारही तोच, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत कामगारांच्या हिताची नाही, असे आमचे मत आहे. आपली गाडी कोणत्या रुळावरून धावणार, तिच्यात टपालाच्या थैल्यांना जागा मिळणार की नाही, आपले पद भरले जाणार की कंत्राटदाराकडे जाणार, आणि अपघात झाला तर चौकशी कोण करणार, हे सारे खात्यांच्या रचनेवर अवलंबून असते. म्हणूनच या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे, आणि तो हवेत राहू नये म्हणून जयपूरचे उदाहरण घेतले आहे.

जयपूर मराठी रेल्वे कामगाराला परके नाही. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी बी. बी. सी. आय. रेल्वे आणि सौराष्ट्र, राजपुताना, जयपूर इत्यादी संस्थानी रेल्वे एकत्र करून पश्चिम रेल्वे स्थापन झाली. त्या दिवसापासून ३० सप्टेंबर २००२ पर्यंत, म्हणजे एक्कावन्न वर्षे, जयपूरच्या रेल्वेचे मुख्यालय मुंबईत चर्चगेटला होते. १ ऑक्टोबर २००२ पासून उत्तर पश्चिम रेल्वे हा नवा झोन जयपूर मुख्यालयासह सुरू झाला. पश्चिम रेल्वेचे जयपूर व अजमेर आणि उत्तर रेल्वेचे जोधपूर व बिकानेर असे चार विभाग त्यात घातले गेले.

या एका आदेशाने काय काय बदलले, हे त्या काळात चर्चगेटच्या कचेरीत काम केलेल्यांना सांगायला नको. राजस्थानच्या प्रवाशाला आणि कामगाराला आपले मुख्यालय जवळ आले, हे चांगलेच झाले. मरुभूमीतल्या गँगमनचे गाऱ्हाणे हजार किलोमीटरवर समुद्रकाठी न्यावे लागू नये, यात न्याय होता. पण त्याच वेळी हजारो कर्मचाऱ्यांपुढे ज्येष्ठता, बढती आणि बदलीचे प्रश्न उभे राहिले. कोणी कोठे जायचे, कोणाची यादी कोठे जोडायची, यासाठी संघटनांना भांडावे लागले. दिल्लीत नकाशावर ओढलेली रेघ कामगाराच्या स्वयंपाकघरापर्यंत कशी पोहोचते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण नसेल.

आता आजच्या जयपूरकडे पाहा. मुंबई सेंट्रलहून निघालेला प्रवासी जयपूर जंक्शनला उतरतो, तोपर्यंत तो रेल्वे मंत्रालयाच्या हद्दीत असतो. स्टेशनाबाहेर मेट्रोत बसला की तो राज्य सरकारच्या कंपनीचा प्रवासी होतो आणि तिचा दिल्लीतला संबंध नगरविकासाच्या मंत्रालयाशी असतो. मानसरोवर ते चांदपोल ही मेट्रो ३ जून २०१५ रोजी सुरू झाली. तोच प्रवासी सिंधी कॅम्पला एस. टी. पकडेल तर ती राजस्थान राज्य पथ परिवहन निगमाची. ती बस शहराबाहेर अजमेरच्या किंवा दिल्लीच्या महामार्गाला लागली की रस्ता परिवहन भवनाचा, म्हणजे रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाचा. सांगानेरच्या विमानतळावर गेला तर नागरी विमान वाहतूक मंत्रालय. आणि तोही विमानतळ ऑक्टोबर २०२१ पासून ५० वर्षांच्या करारावर अदानी समूहाकडे आहे. त्याच प्रवाशाने घरी पत्र टाकले तर ते डाक भवनाच्या, म्हणजे दळणवळण मंत्रालयाच्या ताब्यात गेले. एकच शहर आणि एकच माणूस, पण मालक सहा! या सहांना एकत्र बसवून संसदेपुढे उत्तर द्यायला लावील असा एकही मंत्री देशात नाही.

पूर्वीपासून असेच होते काय? नाही. १९५२ ते १९५६ या काळात लालबहादूर शास्त्री रेल्वे आणि वाहतूक या दोन्ही खात्यांचे मंत्री होते. अरियालूरच्या अपघातानंतर १९५६ साली त्यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर वाहतूक आणि दळणवळण असे एक मंत्रालय झाले. टपाल आणि तार खाते त्यातच होते, आणि १९५८-५९ मध्ये आपले स. का. पाटील त्याचे मंत्री होते. म्हणजे रस्ते, जहाजे आणि टपाल एका छत्राखाली होती. पुढे सप्टेंबर १९८५ मध्ये राजीव गांधी सरकारने रेल्वे, नागरी विमान वाहतूक आणि भूपृष्ठ वाहतूक हे तीन विभाग एकाच वाहतूक मंत्रालयात आणले. तो प्रयोग वर्षभरच टिकला आणि १९८६ मध्ये तिन्ही पुन्हा वेगळे झाले. २०१४ साली राकेश मोहन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय वाहतूक विकास धोरण समितीने एकत्रित वाहतूक मंत्रालयाची शिफारस पुन्हा केली. ती अद्याप अहवालातच आहे.

खाती विभागलेली राहिली तर बिघडते कोठे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर जयपूरच्या आसपासच्या दोन मोठ्या कामांत मिळते. रेल्वेने मालगाड्यांसाठी पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग हाती घेतला. तो उत्तर प्रदेशातल्या दादरीपासून आपल्या उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत सुमारे १,५०६ किलोमीटरचा आहे. त्यासाठी २००६ साली वेगळे महामंडळ स्थापन झाले. जयपूरच्या पश्चिमेकडून फुलेरामार्गे जाणारा रेवाडी ते मदार हा ३०६ किलोमीटरचा भाग ७ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाला आणि त्यावरून एकावर एक डबे रचलेली दीड किलोमीटर लांबीची कंटेनर गाडी धावली. हे काम करणाऱ्या अभियंत्यांपासून रूळ टाकणाऱ्या मजुरापर्यंत सर्वांचे आम्ही अभिनंदनच करू. पण ज्या बंदरासाठी हा मार्ग आखला, त्या बंदराजवळचा महाराष्ट्रातला वैतरणा ते उरण हा तुकडाच सर्वांत मागे राहिला.

दुसरीकडे रस्ते मंत्रालयाने २०१९ साली दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाची कोनशिला बसविली. सुमारे १,३५० किलोमीटरच्या या रस्त्याचा सोहना ते दौसा हा भाग १२ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. दौसा म्हणजे जयपूरच्या शेजारचा जिल्हा. या रस्त्याचेही शेवटचे ठिकाण तेच, उरणचे बंदर! एकाच दिशेने, एकाच बंदराकडे, एकाच मालासाठी सरकारच्या एका खात्याने लोहमार्ग बांधला आणि दुसऱ्या खात्याने त्याला समांतर रस्ता. दोन्हींसाठी पैसा जनतेचा किंवा जनतेच्या नावावर काढलेल्या कर्जाचा.

आमचा रस्त्याला विरोध नाही. दौशाच्या शेतकऱ्याला आणि पालघरच्या भाजीवाल्याला चांगला रस्ता हवाच. ट्रकचा ड्रायव्हर हाही कामगारच आहे, आणि त्याचे हाल रेल्वे कामगाराहून अधिक आहेत. त्याला ना ड्यूटीची मर्यादा, ना रनिंग रूम. आमचा सवाल एवढाच की, कोणता माल रुळाने जावा आणि कोणता रस्त्याने, हे ठरविण्याचे काम कोणाचे? १९५०-५१ साली देशातल्या मालवाहतुकीपैकी सुमारे नव्वद टक्के वाहतूक रेल्वे करीत असे. आज हा वाटा एक तृतीयांशाहूनही कमी आहे. २०२० च्या राष्ट्रीय रेल्वे योजनेच्या मसुद्यात तो ४५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट लिहिले आहे. पण शेजारच्या मंत्रालयाने त्याच वाटेवर आठपदरी रस्ता बांधल्यावर हे उद्दिष्ट रेल्वेने एकटीने कसे गाठायचे? आणि माल मिळाला नाही म्हणून रेल्वे तोट्यात गेली की कात्री कोणाच्या पदांना लागते, हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

यावर सरकार गती शक्ती योजनेकडे बोट दाखवील. १३ ऑक्टोबर २०२१ रोजी ही योजना जाहीर झाली आणि सोळा मंत्रालयांची कामे एका संगणकीय नकाशावर आणण्याची व्यवस्था झाली. रस्ता झाल्यावर पाण्याच्या नळासाठी तो पुन्हा खोदायचा, हा आपल्याकडचा नित्याचा प्रकार त्याने कमी होत असेल तर ते स्वागतार्ह आहे. परंतु नकाशा म्हणजे जबाबदारी नव्हे. नकाशा चुकला तर सभागृहात उभे राहून उत्तर कोण देणार? सोळा मंत्री एकमेकांकडे पाहणार, आणि शेवटी शिक्षा सर्वांत खालच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्याला होणार.

या प्रश्नाची दुसरी बाजू सुरक्षिततेची आहे, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूर-अजमेर महामार्गावर भांकरोटा येथे वळण घेणाऱ्या गॅसच्या टँकरला ट्रकची धडक बसली. गॅस पसरला, आग लागली, रस्त्यावरची कितीतरी वाहने जळाली आणि वीसच्या आसपास माणसे प्राणाला मुकली. मेलेल्यांत आणि भाजलेल्यांत कामावर निघालेली माणसे होती, ड्रायव्हर होते, बसचे प्रवासी होते. एवढा ज्वालाग्राही माल रस्त्याने किती जावा आणि रेल्वेने किती, महामार्गावर वळणाला जागा कोठे ठेवावी, रस्त्याचे काम चालू असताना वाहतूक कशी वळवावी, हे प्रश्न तेव्हा विचारले गेले. त्यांची उत्तरे मात्र निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेली आहेत.

येथे रेल्वे कामगाराने एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रेल्वेच्या मोठ्या अपघाताची चौकशी रेल्वे मंत्रालय करीत नाही. ती रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि हे आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. जो गाडी चालवितो त्यानेच आपल्या अपघाताचा न्याय करू नये, हे तत्त्व मानून मे १९४१ मध्ये रेल्वे निरीक्षकांना रेल्वे बोर्डाच्या ताब्यातून काढून तेव्हाच्या टपाल व हवाई खात्याखाली ठेवण्यात आले. रेल्वेच्या सुरक्षिततेची राखण एके काळी टपालाच्या खात्याकडे होती, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल! या व्यवस्थेत उणिवा आहेत. अहवाल येतो, पण शिफारशी पाळल्याच पाहिजेत अशी सक्ती नाही. तरीही लोको पायलट, पॉइंट्समन किंवा स्टेशन मास्तर यांना आपली बाजू मांडायला एक जागा तरी आहे.

महामार्गावर तेवढेही नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे रस्ते मंत्रालयाचाच अहवाल सांगतो. यातल्या बहुतेक अपघातांत ड्रायव्हरवर गुन्हा दाखल झाला की चौकशी संपते. रस्त्याची आखणी कोणी केली, फलक का नव्हता, टँकरवाल्याला सलग किती तास चालवायला लावले होते, हे विचारणारा स्वतंत्र आयुक्त नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने जे रस्ता सुरक्षा मंडळ दिले, ते सल्ला देणारे आहे.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षिततेसाठी कायद्याने अधिकार दिलेले स्वतंत्र प्राधिकरण मागितले आणि पाच वर्षांत सुमारे एक लाख कोटी रुपये खर्चण्याची शिफारस केली. पैशाचा काही भाग २०१७ नंतर सुरक्षा निधीच्या रूपाने आला. प्राधिकरण आले नाही. माणसेही पुरेशी आली नाहीत. २०२३ साली रेल्वेतल्या रिकाम्या अराजपत्रित पदांचा आकडा अडीच लाखांच्या घरात होता. एका गँगमनच्या वाट्याला दोघांची बीट आणि एका लोको पायलटच्या वाट्याला विश्रांतीविना रात्रीमागून रात्र, ही स्थिती ठेवून कोणतेही खाते सुरक्षित वाहतूक देऊ शकत नाही. मग त्याचे नाव रेल्वे असो, वाहतूक असो की पायाभूत सुविधा असो.

तिसरी बाजू पैशाची आणि संसदेची. १९२१ च्या अ‍ॅकवर्थ समितीच्या शिफारशीनंतर १९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जात असे. तो शेवटचा २५ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरेश प्रभू यांनी मांडला. २०१७ पासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. रेल्वेला सरकारला द्यावा लागणारा लाभांश त्यामुळे सुटला, हे मान्य केले पाहिजे. पण वर्षातून एकदा देशाची नजर रेल्वेवर खिळत असे, जयपूरचा खासदार आणि रत्नागिरीचा खासदार उभा राहून आपापल्या फलाटाचे आणि फाटकाचे प्रश्न विचारीत असे, ती हक्काची वेळ गेली. त्याच काळात मालमत्ता भाड्याने देण्याचे धोरण वेगाने पुढे गेले. जयपूर-किशनगड हा ९० किलोमीटरचा सहापदरी टोलरस्ता २००५ साली खाजगी भांडवलातून झाला. २०१९ मध्ये जयपूरसह सहा विमानतळांच्या निविदा उघडल्या. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या सहा लाख कोटींच्या राष्ट्रीय मुद्रीकरण योजनेत चारशे रेल्वे स्थानकांचा समावेश झाला. टोल, उड्डाणपूल, स्थानक आणि विमानतळ यांचे करार वीस ते पन्नास वर्षांचे असतात. सरकारे पाच वर्षांची असतात. मग करार संपताना जाब विचारायला कोण असणार?

इंग्लंडने हा प्रयोग आपल्या आधी केला. १९९४ ते १९९७ या काळात तेथली रेल्वे तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. रूळ एका कंपनीकडे आणि गाड्या दुसऱ्यांकडे दिल्या. २००० साली हॅटफिल्डला रूळ फुटून अपघात झाला. त्यानंतर रुळांची कंपनी डबघाईला आली आणि २००२ मध्ये ते काम नफा न घेणाऱ्या संस्थेकडे सोपवावे लागले. आता २०२४ च्या कायद्याने प्रवासी गाड्याही टप्प्याटप्प्याने सरकारी मालकीत येत आहेत. चीनने २०१३ साली उलट वाट धरली. रेल्वे मंत्रालयच मोडले, धोरण वाहतूक मंत्रालयाकडे दिले आणि गाड्या चालविण्यासाठी सरकारी मालकीचे महामंडळ केले. म्हणजे एक खाते की अनेक, एवढ्यावर भले-बुरे ठरत नाही. मालकी कोणाची आणि जबाबदारी कोणाची, यावर ते ठरते.

टपाल बांधवांना वाटेल की हा रेल्वेचा विषय झाला. तसे नाही. १८६३ साली अलाहाबाद-कानपूर मार्गावर धावत्या गाडीत टपाल वेगळे करण्यास सुरुवात झाली, तेव्हापासून टपाल आणि रेल्वे यांचा संसार एकत्र आहे. आरएमएसचा डबा, फलाटावरची थैल्यांची गाडी, रात्रपाळीचा सॉर्टर ही जयपूरच्याही स्टेशनाची ओळख होती. रेल्वेने वेळापत्रक बदलले, थांबा काढला किंवा डबा कमी केला की दुसऱ्या दिवशीचा बटवडा कोलमडतो; पण हे ठरविताना टपाल खात्याला विचारलेच पाहिजे अशी सक्ती करणारा वरिष्ठ कोणी नाही. मग टपाल रस्त्याने आणि विमानाने न्यायचे, त्यासाठी कंत्राटी गाड्या लावायच्या आणि सॉर्टिंगच्या कचेऱ्या एकत्र करायच्या, हे ओघाने येते. १८९८ चा कायदा जाऊन २०२३ चा डाकघर कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. वेग हवाच. पण थैली ज्या गाडीने जायची तिच्यावर टपाल खात्याचा अधिकार नसेल, तर वेगाचे वचन पोस्टमनच्या पायांवरच पडते.

एकत्रित मंत्रालयाबद्दल कामगारांच्या मनात शंका आहेत, आणि त्या रास्त आहेत. मोठे खाते म्हणजे आणखी दूरचा साहेब, आपल्या वाटाघाटींची यंत्रणा पातळ होणे, आणि एकत्रीकरणाच्या नावाखाली पदे गोठविणे, असा अनुभव आहे. म्हणून आम्ही केवळ नावाच्या पाटीसाठी आग्रह धरीत नाही. मंत्री काय करू शकतो, हे मधू दंडवते यांनी १९७७ ते १९७९ या दोन वर्षांत दाखविले. १९७४ च्या संपात काढून टाकलेल्यांना त्यांनी परत कामावर घेतले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली. तेव्हा खाते जुनेच होते, फक्त ते कोणासाठी चालवायचे हे मंत्र्याला ठाऊक होते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पहिले, रेल्वे, रस्ते, बंदरे, विमाने आणि टपाल वाहतूक यांचे नियोजन करणारी एक परिषद कायद्याने स्थापन व्हावी, तिचा एक मंत्री संसदेला जबाबदार असावा आणि तिच्यावर कामगार संघटनांचे प्रतिनिधी असावेत. दुसरे, रेल्वे आणि महामार्ग या दोहोंसाठी, कोणत्याही चालक खात्याच्या हाताखाली नसलेला सुरक्षा आयोग असावा आणि त्याच्या शिफारशींवर ठरावीक मुदतीत उत्तर देणे सरकारवर बंधनकारक असावे. तिसरे, वाहतुकीचा वार्षिक अहवाल संसदेत मांडून त्यावर, आणि रेल्वेवर स्वतंत्रपणे, चर्चा व्हावी. चौथे, सुरक्षिततेची रिकामी पदे कायम नेमणुकीने भरावीत. पाचवे, गाड्यांच्या वेळापत्रकात टपालाची जागा करारावर नव्हे, तर नियमाने राखून ठेवावी.

या मागण्या दिल्लीत जाऊन मांडण्यापूर्वी त्यांना आधार लागतो, आणि तो आधार शाखांकडेच आहे. आपल्या स्टेशनावर, फाटकावर, सॉर्टिंग कचेरीत एका खात्याचे दुसऱ्याशी न जमल्यामुळे कोठे काम अडते, कोठे जीव धोक्यात येतो, याची नोंद प्रत्येक शाखेने तारीखवार ठेवावी. रेल्वे आणि टपाल यांच्या शाखांनी महिन्यातून एकदा तरी एकत्र बसावे. सरकारची खाती एकमेकांशी बोलत नसतील, पण त्या खात्यांत राबणाऱ्या कामगारांनी एकमेकांशी बोलू नये, असा नियम अजून तरी कोणी काढलेला नाही.